पायलीभर जंतू

माझ्या साडूच्या पोटात पायलीभर जंतू निघाले आणि पोटात दुखायला लागलं माझ्या.

पायली हा शब्द आमच्या सासूबाईंचा. डॉक्टरांनी जंतूचं नाव सांगितलं होतं 'पायलोरी'. पण जिनं उभा जन्म पायलीनं ज्वारी मोजली, तिला दुसरं काय ऐकू येणार? अख्ख्या कळस गावात त्या सांगत सुटल्या, "आमच्या सुहासरावांच्या पोटात दुर्बीण घातली, तर पायलीभर जंतू निगालं बघा!" (बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या.)

सुहास म्हणजे माझ्या मेव्हणीचा नवरा, बारामतीत नोकरीला. धाकटा जावई. मी सणसरचा ऊसवाला, थोरला जावई. जत्रेच्या जेवणात मटणातली नळी थोरल्या जावयाच्या ताटात पडते, ही आमच्या सासरची रीत. यंदाही पडली, पण वाढताना कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही! सगळं घर सुहासभोवती. त्याला मऊ भात, वर घरचं तूप, पाठीला लोड आणि सासूबाई स्वतः वारा घालतायत. अशी बेवारशी नळी काय चोखायची?

"मामी, माझ्या बी पोटात जळजळतंय कवाचं," मी म्हणालो. खोटं नव्हतं. वर्षानुवर्षं जळजळत होतं. मी वरून खायचा सोडा टाकायचो आणि तंबाखूचा बार भरायचो.

"ठेचा कमी खावा पाव्हनं," सासूबाई म्हणाल्या. "सुहासराव, आजून तूप वाढू?"

घरी येताना मी गाडीवर धुमसत होतो. मागनं बायको म्हणाली, "अवो, तुमचं पोट न्हाय दुकत. सुहासरावांचं तूप दुकतंय तुमाला!"

"व्हय, दुकतंय! मला बी दुर्बीण घालायची!"

"दुर्बीण काय हौसंनं घालत्यात व्हय?"

"थोरला जावई हाय मी! त्याच्या आदी माझी व्हायला पायजे व्हती!"

झालं. बारामतीला सुहासच्याच डॉक्टरांकडं गेलो. (दुसरा डॉक्टर कमी दर्जाचा निघाला तर?)

"पोटात कधी दुखतं? जेवणाआधी की नंतर?" डॉक्टरांनी विचारलं.

"साडू जेवायला बसला की," बायको म्हणाली.

डॉक्टर हसले. मग सहज विचारलं, "घरात कुणाला पोटाचा आजार?"

"वडील पोटाच्या कॅन्सरनं गेलं," मी म्हणालो.

डॉक्टरांचं हसू गेलं. "आणि तुम्ही इतकी वर्षं आला नाहीत?"

"साडूचं आत्ताच झालं की ओ, साहेब!"

दुर्बिणीची हौस घशाशीच फिटली. घसा बधिर, तोंडात नळी, डोळ्यांतून पाणी. नळीच पाहिजे होती ना मला? घ्या! नळी बाहेर निघाल्यानिघाल्या मी विचारलं, "साहेब, किती हायेत? पायली भरली का?"

डॉक्टरांना काही कळेना. ते म्हणाले, "जठराला जुनी सूज आहे. तपासायला तुकडा काढलाय. रिपोर्ट येऊ द्या."

तुकडा म्हटल्यावर माझी मस्ती उतरली. शेवटी शेवटी वडिलांना घोटभर ताकही उतरत नव्हतं, ते डोळ्यांसमोर येऊ लागलं. मी फार भ्यालो. सुहास कामावरून सुटला की सणसरला येऊन माझ्याजवळ बसायचा. म्हणायचा, "दादा, भिऊ नका. माझं बी काय वाईट निगालं न्हाय." आणि मला त्याचा रागसुद्धा येईना, इतकी माझी हालत झाली होती!

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. जंतू मात्र तेच निघाले, सुहासचेच. "हे असेच राहिले असते तर पुढं धोका होता," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांनाच होत नाही. पण वडिलांचा इतिहास बघता, वेळेत आलात. गोळ्या एकही चुकवू नका. तंबाखू कायमची बंद, आणि गोळ्या संपल्यावर परत तपासायचं."

बाहेर येऊन बायको गाडीजवळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "सुहासरावांचं उपकार माना. तुमी जळला म्हनून वाचला!"

मी लगेच कळसला फोन लावला. "मामी, माझं बी निगालं! पायलीभर!"

"आगं बया! या की पाव्हनं जेवायला, दोगं बी जावई या!"

गेलो. मला लोड मिळाला, मऊ भात मिळाला, तूप तर पाण्यासारखं! सासूबाई वारा घालायला बसल्या. मी ऐटीत पंगतीवर नजर टाकली. सुहासचं ताट आलं. तो आता ठणठणीत बरा झाला होता. त्याच्या रश्श्यात हाताएवढी नळी!

"मामी, ती थोरल्या जावयाची..."

"तुमाला आता चालत न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "भात खावा गुमान."

गोळ्या संपल्या. फेरतपासणी झाली. "अभिनंदन, जंतू गेले," डॉक्टर म्हणाले. "आता पोटात दुखतं का?"

"दुखतं," मी म्हणालो.

डॉक्टर चमकले. "कधी?"

बायको म्हणाली, "सुहासरावांनी नळी चोखली की!"