मेस्त्रींनी आतून कडी लावली

उद्यमनगरात गुरुसिद्ध मेस्त्रींचं नाव निघालं की लोक आधी त्यांच्या हाताबद्दल बोलायचे आणि मग जिभेबद्दल. हात असा, की लेथ यंत्रावर फिरून थांबलेल्या लोखंडी तुकड्यावर नुसता अंगठा फिरवून सांगायचे, "अजून केसभर काढ." आणि जीभ अशी, की समोरच्या गड्यानं केसभराच्या जागी दोन केस काढले तर संध्याकाळपर्यंत त्याच्या घराण्याचा उद्धार चालायचा. सोळाव्या वर्षी संकेश्वरकडच्या गावातून पत्र्याची ट्रंक घेऊन ते कोल्हापुरात आले. दोन वर्षं फाउंड्रीत वाळू चाळली, मग लेथवर उभे राहिले ते तीस वर्षं उभेच. बिघडलेल्या मालाला कारखान्याच्या शेडमध्ये 'रिजेक्ट' म्हणतात. हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता की घरी भाकरी करपली तरी तोच निघायचा.

त्यावर त्यांच्या बायकोचं, शांतव्वाचं, उत्तर ठरलेलं असायचं. "मग उपाशी ऱ्हावा. दुसरा माल न्हाय."

१९९९ साली दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी शांतव्वाचं ऑपरेशन झालं. पिशवी काढावी लागली. दुखणं दोन वर्षांचं, पण आधी लेकीचं लग्न उरकू दे म्हणून तिनं ते अंगावर काढलं होतं. मे महिन्यात दानेश्वरीचं लग्न झालं, संकेश्वरचा कापडवाला महांतेश जावई मिळाला आणि ऑक्टोबरात शांतव्वा टेबलावर गेली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मेस्त्रींना समोर बसवून बजावलं. "दीड महिना वाकायचं नाही. उकिडवं बसायचं नाही. घागर, बादली, पातेलं, काही उचलायचं नाही. चालायला हरकत नाही, पण शेगडीपुढं उभं राहायचं नाही."

मेस्त्रींना असलं बोलणं बरोबर कळायचं. दीड महिना म्हणजे पंचेचाळीस दिवस, चव्वेचाळीस नव्हेत. शिवाय गल्लीतल्या शालूबाईचं उदाहरण डोळ्यांपुढं होतं. अशाच ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी नळाला पाणी आलं म्हणून ती हंडा उचलायला गेली, आतले टाके सुटले, हर्निया झाला आणि पुन्हा पोट उघडावं लागलं.

पण ऑपरेशननंतर सतराव्या दिवशी होती दिवाळी, आणि तीही जावयाची पहिली. दिवाळसण.

"फराळाचं काय?" शांतव्वानं कॉटवर पडल्या पडल्या विचारलं.

"आणू की शाहूपुरीतनं. मोठी दुकानं हाइत."

"पयल्या दिवाळसणाला इकतचा फराळ? संकेश्वरात माझ्या तोंडात श्याण घालतील बायका."

"मग चाँदबीला सांगू."

चाँदबी म्हणजे शेजारच्या इमाम टेलरची बायको. ऑपरेशनच्या आठवड्यात या घरात दोन्ही वेळचं जेवण तिच्याकडून आलं होतं.

"तिनं काय आमचंच करत बसावं व्हय? आणि दिवाळसणाचं ताट घरच्या हातचं लागतं. दुसऱ्याचा हात चालत न्हाय. मी दोन तास उठते, चकल्या तेवढ्या पाडते, पुन्ना निजते."

हे 'दोन तास' मेस्त्रींना ठाऊक होते. चकल्यांवरून करंज्या, करंज्यांवरून अनारसे. सकाळी उठलेली बाई दिवेलागणीला निजली असती, तीही दवाखान्यातल्या खाटेवर.

"घरचा हात लागतो न्हवं?" ते म्हणाले. "माझा हात काय दुसऱ्याचा हाय?"

शांतव्वा हसली आणि लगेच तिनं पोट धरलं. "हसवू नका वो. टाकं वढत्यात."

पण मेस्त्री हसत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून कामावरून आले की हातपाय धुवायचे, कपाळाला विभूती लावायची आणि स्वयंपाकघरात शिरायचं. शांतव्वाची कॉट मधल्या खोलीत होती. तिथून तिला आतलं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं. रवा भाजताना उलथन्याचा आवाज मंदावला की ती ओरडायची, "झोपला काय? खाली लागंल!" प्रत्येक घाण्यातला पहिला नमुना बशीतून कॉटवर जायचा आणि निकाल ऐकायला मेस्त्री टॉवेलला हात पुसत उभे राहायचे. तीस वर्षांत त्यांच्या मालाकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

रव्याचा पहिला लाडू शांतव्वानं दोन्ही हातांत धरून बघितला. "ह्यो फोडायचा कशानं? घण आणा तुमचा."

"पाक जरा पुढं गेला."

"रिजेक्ट," शांतव्वा म्हणाली. पंचवीस वर्षं साठवलेला शब्द होता तो.

दुसऱ्या दिवशी लाडू जमले. चिवडा पहिल्याच झटक्यात पास झाला. शंकरपाळ्या तर मेस्त्रींनी पट्टी लावून कापल्या. एकावर एक ठेवल्या तरी कड सरकत नव्हती. चाँदबी बघायला आली आणि दारातच थबकली. "या अल्ला! खायाच्यात का बसवायच्यात कुठं?" करंज्या मात्र तळताना उघडल्या आणि सारण तेलात सांडलं. शांतव्वानं त्या यादीतून खोडून टाकल्या. "जावई करंजीवाचून मरत न्हाय. पर चकली पायजे. आपल्यात चकलीवर बाईची परीक्षा असते."

"बाप्याची बी होऊ दे की."

धनत्रयोदशीला शेडला सुट्टी लागली. संध्याकाळच्या एसटीनं लेक-जावई यायचे होते. सकाळपासून मेस्त्री चकलीच्या मागं लागले. भाजणी शांतव्वानं दवाखान्यात जायच्या आधीच भाजून, दळून ठेवली होती. आपण पडून राहणार हे तिला ठाऊक होतं, मान्य मात्र नव्हतं.

"दोन शेर भाजणीला एक वाटी तेल कडकडीत तापवून घाला," तिनं कॉटवरून सांगितलं. "मोहन म्हंत्यात त्याला. त्यानं खुसखुशीत होतीया."

मेस्त्रींनी एक वाटी तेल घातलं, पीठ चोळून बघितलं आणि थांबले. तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती: लोखंड कापताना धारेवर तेल कमी पडलं की काम खरबरीत येतं, सढळ सोडलं की आरशासारखं येतं. बाईमाणूस तेल जपून वापरायचंच, असं मनाशी म्हणत त्यांनी आणखी एक वाटी ओतली. वर पाव वाटी जावयासाठी.

पीठ काय सुंदर मळलं गेलं! सोऱ्यातून अशी गुळगुळीत उतरली चकली की मेस्त्रींना स्वतःचंच कौतुक वाटलं. चार वेढे, बरोबर मधोमध ठिपका. त्यांनी ती अलगद तेलात सोडली.

चकली क्षणभर तरंगली, कडेनं फेस आला, वेढे सैल झाले आणि बघता बघता ती नाहीशी झाली. कढईत नुसता चुरा फिरत राहिला.

मेस्त्रींनी गॅस वाढवला. दुसरीही गेली. गॅस कमी केला, तिसरी गेली. चौथी त्यांनी झाऱ्यावर धरून सोडली, तर झारा तेवढा हातात राहिला.

मधल्या खोलीत शांतव्वानं कान टवकारले. चकली तेलात पडली की आधी चर्र होतं आणि मग आवाज हळूहळू बसत जातो. इथं नुसताच फसफसाट येत होता.

"चकली इरघळली की वो!" ती ओरडली. "मोहन किती घातलं?"

आत झारा कढईच्या कडेला वाजला.

"किती घातलं म्हणते मी!"

"सव्वादोन वाट्या."

"अगं यव्वाऽ!"

पाठोपाठ कॉट करकरली. ती करकर मेस्त्रींनी बरोबर ओळखली. शांतव्वा कुशीवर वळली की वेगळी वाजायची आणि उठून बसली की वेगळी. झारा टाकून त्यांनी दोन ढांगांत दार गाठलं, ओढलं आणि आतून कडी लावली.

शांतव्वा भिंतीला धरत दारापाशी आली. "कडी काढा."

"न्हाय."

"सगळी भाजणी वाया गेली. काढा कडी, मी बघते."

"तू कॉटवर जा आदी."

"सांच्याला जावई यील. त्येच्या ताटात काय वाढणार, तुमचं डोस्कं?"

"ते बी तळून वाढीन. पर तुला आत घेणार न्हाय."

शांतव्वानं जरा श्वास घेतला आणि आवाज उतरवला. "हे बघा, पीठ सावरतंय. त्यात कोरडी भाजणी मिळवायची. माझ्यापाशी अजून एक डबा हाय, दानेश्वरीबरोबर द्यायला बाजूला ठेवलेला."

"कुठं हाय?"

"कडी काढा, मग सांगते."

मेस्त्रींनी मांडणी शोधली, फडताळ शोधलं, तांदळाच्या डब्यात हात घातला. डाळी सापडल्या, खोबरं सापडलं, तीन वर्षांमागं हरवलेली त्यांची तंबाखूची डबी सापडली. भाजणी काही सापडली नाही. बाहेर शांतव्वा दाराला टेकून उभी होती.

आरडाओरडा ऐकून चाँदबी आली. एक हात पोटावर धरून उभी असलेली शांतव्वा, बंद दार आणि दाराआडून डब्यांची आदळआपट बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मेस्त्री, बायकूला कोंडून घालणारं नवरं लई बघितलं. सोताला कोंडून घेणारा ह्यो पयलाच."

"चाँदबी, तिला आदी बसीव!" आतून आवाज आला.

चाँदबीनं पुढच्या खोलीतली लोखंडी खुर्ची ओढून आणली, दारापाशी ठेवली आणि शांतव्वाला खांद्याला धरून बसवलं. "बस. दारातनं भांड, पर बसून भांड."

शांतव्वा बसली. डबा कुठं आहे हे मात्र सांगेना. मेस्त्रीही कडी काढेनात. कढईतलं तेल धुरावायला लागलं, तसा आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला.

मग मेस्त्री बोलले ते दाराला अगदी तोंड लावून. आवाज शेडमधला नव्हता.

"शांता, दवाखान्यात तुला आत नेलं तवा त्येंनी दार असंच लावून घेतलंतं. तुझ्या बांगड्या माझ्या खिशात. अडीच तास मी भायेर बसलोतो. आत काय चाललंय, कळत न्हवतं. कुणी सांगत न्हवतं. आत जाऊन माझ्या हातनं काय हुणार बी न्हवतं." ते थांबले. "मी बसलो न्हवं? आता घटकाभर तू बस की."

शांतव्वानं पदर तोंडाला लावला. चाँदबी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली.

"शिलिंडरच्या मागं," शांतव्वा म्हणाली. "निळ्या झाकणाचा डबा. वर रिकामी पिशवी घातलीया."

आत सिलिंडर सरकला. "गावला!"

"सगळी वता. मोहन घालू नका."

"न्हाय."

"थेंब सुदिक न्हाय!"

"न्हाय म्हटलं न्हवं!"

"गरम पाण्यानं मळा आणि गोळा मला दाखवा."

दार चार बोटं उघडलं. खाली मेस्त्रींनी पाऊल अडवून धरलं होतं. फटीतून पिठाचा गोळा बाहेर आला. शांतव्वानं तो अंगठ्यानं दाबला, कड चिरते का बघितलं आणि परत दिला. "अजून मूठभर भाजणी." गोळा आत गेला, पुन्हा बाहेर आला. "आता पाणी लावून मळा. माझ्यावरचा राग त्येच्यावर काढा." तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनं मान डोलावली. चाँदबीनं आत सांगितलं, "चालू करा, मेस्त्री. सही झाली."

आतून चर्र आवाज आला. शांतव्वा डोळे मिटून ऐकत राहिली. आवाज बसत गेला. "काढा," ती म्हणाली आणि त्याच वेळी झारा कढईला लागला.

चकली बशीतून आली. काटे जेमतेम होते, रंगही एका बाजूला गडद होता. शांतव्वानं मोडली, अर्धी चाँदबीला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. दाराच्या फटीत मेस्त्रींचा एक डोळा दिसत होता.

"जरा कडक हाय," ती म्हणाली. "पर चकली हाय."

सहा वाजेपर्यंत मेस्त्रींनी दोन डबे भरले. शांतव्वा खुर्चीवरून हलली नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे महांतेशची अंघोळ झाली. दानेश्वरीनं रांगोळी काढून पाट मांडला होता. शांतव्वा निरांजनाचं ताट घेऊन आली आणि पाटाकडे बघून थांबली. खाली बसलेल्या जावयाला टिळा लावायचा तर कमरेत वाकायला हवं. "अव्वा, मी ओवाळते, तू हात लाव नुसता," दानेश्वरी म्हणाली. शांतव्वाच्या कपाळाला आठी पडली. सासूनं जावयाला ओवाळायचं नाही, मग सण कसला?

मेस्त्री मागच्या दारानं गेले आणि एक उंच स्टूल घेऊन आले. पाट उचलून त्यांनी स्टुलावर ठेवला, हलतो का बघितला, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

"बसा जावईबापू."

महांतेश लाजला. "मामा, एवढ्या उंच? मी उभा ऱ्हातो की."

"उभ्यानं वंवाळून घेत्यात व्हय? बसा. काम हाताच्या उंचीवर घ्यायचं असतं, हातानं खाली जायाचं नसतं."

जावई स्टुलावरच्या पाटावर चढून बसला, नवी पँट सावरत. पाय लोंबकळत होते. दानेश्वरीला हसू आवरेना. शांतव्वानं ताठ उभं राहून, अजिबात न वाकता, टिळा लावला, अक्षता लावल्या आणि तीनदा ओवाळलं. ताट तिनं कुणाला धरू दिलं नाही.

जावई उतरला. मेस्त्रींनी स्टूल उचलायला हात घातला.

"ऱ्हावं दे ते तितंच," शांतव्वा म्हणाली. "पाडवा यायचा हाय. तुमास्नी वंवाळायचं न्हाय व्हय मला?"

"मला? ह्येच्यावर?" मेस्त्रींनी स्टुलाकडे, मग हसू दाबत उभ्या असलेल्या जावयाकडे बघितलं. "गल्ली बघंल की."

"बघू दे. आणि त्या दिवशी जरा सरळ बसा. मला वाकाय लावू नका."