वाचून दाखवते, मग टाकते

माझ्या वहिनीला अख्खी इमारत ‘ॲडमिनबाई’ म्हणते. तिचं खरं काम कपड्यांचं, त्यातही नवीन शिवायचं कमी आणि दुरुस्तीचं जास्त. तळमजल्यावर लिफ्टच्या शेजारी एका खोलीचं दुकान आहे. पँटची उंची कमी करा, चेन बदला, काजं करा, कुणाचं पोट सुटलं की कंबर सैल करा. मी तिची नणंद. सकाळी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लोकांना सुया टोचते आणि दुपारी दुकानात बसून वहिनीला टोचते, असं तीच सगळ्यांना सांगते.

माझं डोकं पटकन तापतं, हे मला मान्य आहे. वहिनी म्हणजे आग लागली तरी आधी चष्मा शोधणारी. या संथपणापायी मी तिला आजवर काय काय बोलले असेन, त्याला गणती नाही. ती ऐकून घेते आणि दात लावून दोरा तोडते.

आमच्या इमारतीचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, सगळ्यांचा असतो तसाच. पाणी कधी येणार हे कळावं म्हणून केला होता, पण त्यात पाण्याचं सोडून सगळं यायचं. सकाळी फुलं, दुपारी घरगुती औषधं, संध्याकाळी भांडणं. पार्किंगवरून पहिल्या मजल्यावरचे दोघं शेजारी एकमेकांना तिथे असं काही बोलले, की समोरासमोर बोलायची दोघांचीही टाप नव्हती. पुढे त्यांची मुलं एकत्र खेळेनाशी झाली. शेवटी मीटिंगमध्ये ॲडमिन बदलायचं ठरलं. वहिनी दिवसभर खाली असते, येताजाता सगळ्यांना दिसते, म्हणून हे लोढणं तिच्या गळ्यात पडलं.

तिने पहिल्याच दिवशी ग्रुपला कुलूप लावलं. मेसेज फक्त ॲडमिन टाकणार. ज्याला काही सांगायचं असेल त्याने मेसेज तिला पाठवायचा आणि स्वतः दुकानात यायचं. मग ती मशीन थांबवणार, चष्मा लावणार आणि ज्याचा मेसेज त्यालाच तो मोठ्याने वाचून दाखवणार. शेवटी विचारणार, “टाकू?”

लोक आधी हसले, मग चिडले, मग यायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी एकदा वरून ठिबकणाऱ्या कपड्यांबद्दल लिहिलं होतं. वहिनीचा वाचायचा आवाज एकदम सपाट, त्यात रागही येत नाही आणि लोभही नाही. “निर्लज्ज माणसांनो,” इथवर वाचून ती थांबली. “इथे पाच उद्गारचिन्हं आहेत. ती कशी वाचू? आणि पुढे हा लालबुंद चेहरा आहे, तो करून दाखवू का?” बसलेलं एक गिऱ्हाईक फिसकन हसलं आणि ताई ओशाळल्या. शेवटी ग्रुपवर गेलं ते इतकंच, की कपडे नीट पिळून वाळत घालावेत, ही विनंती.

औषधांचे मेसेज तर दुकानाच्या पायरीवरूनच परत जायचे.

“हे कुणी लिहिलंय?” वहिनी विचारायची.

“आलंय.”

“कुणाकडून?”

“पुढून आलंय.”

“मग पुढे जाऊन विचारून या. मी आहेच इथे.”

दुसरा नियम तिने नंतर केला. मेसेजमध्ये कुणाचं नाव किंवा चेहरा असेल, तर ज्याचा असेल तो माणूसही वाचताना समोर पाहिजे. तो हजर नसेल तर थांबायचं. याच नियमावरून त्या दुपारी सगळा घोळ झाला.

दुकानात आम्ही दोघीच होतो. सेक्रेटरीकाका तरातरा आत आले. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्यांच्या मोबाइलवर दिसतं. माणूस वाईट नाही. काकूंना ऐकू येईनासं झालं होतं, कानाचं नवं मशीन पार्सलने येणार होतं, आणि तोवर घरात साधं ‘चहा ठेव’ सांगायलाही ओरडावं लागायचं. घसा पार बसला होता त्यांचा. त्या सकाळी मोबाइलवर ‘पार्सल पोचलं’ असं आलं आणि बघतात तर दारात काहीच नाही.

म्हणून त्यांनी सकाळचं चित्रण मागे नेऊन पाहिलं, आणि त्यात सिस्टर दिसल्या. सिस्टर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचं करायला सकाळ-संध्याकाळ येतात त्या. आजोबा पडले तेव्हापासून वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. सिस्टर पुठ्ठ्याचं एक खोकं काखेत घेऊन घाईघाईने बाहेर चालल्या होत्या आणि कुणी बघतंय का म्हणून मागे वळून पाहत होत्या.

काकांचा मेसेज वहिनीने वाचून दाखवला. “आपल्या इमारतीत चोर शिरला आहे. चेहरा नीट पाहून घ्या आणि ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर पाठवा, म्हणजे हिला कुठेच काम मिळणार नाही. टाकू?”

एरवी लोक इथे विरघळतात. काका म्हणाले, “टाका.”

“चार वाजता सिस्टर येतील. त्यांच्यासमोर एकदा वाचू.”

“म्हणजे चोराला विचारून चोरीची बातमी द्यायची?”

“चोर ठरल्यात कुठे अजून?”

आता माझंही डोकं फिरलं. “अगं वहिनी, धडधडीत दिसतंय त्यात. टाक आणि मोकळी हो.”

“वन्सं,” वहिनी म्हणाली. मी चिडले की ती मुद्दाम मला वन्सं म्हणते. “तुमच्या लॅबमध्ये रक्त न तपासताच रिपोर्ट देता का?”

यावर मी आणखी चिडले. काका मात्र थांबलेच नाहीत. दुकानाबाहेर उभं राहून त्यांनी तिथल्या तिथे नवा ग्रुप काढला, भराभरा सगळ्या घरांना जोडलं आणि ते चित्रण टाकून दिलं. माझाही मोबाइल वाजला. बघते तर खाली उत्तरांची रांग. एक म्हणे, मला आधीपासून संशय होताच. दुसरीचा म्हणे मागे एक चमचा हरवला होता, तो कुठे गेला ते आता कळलं. गाडी चमच्यापर्यंत आली तेव्हा मला पहिल्यांदा धास्ती वाटली. सिस्टरांचं घर त्यांच्या एकटीच्या कमाईवर चालतं. आमच्याच इमारतीत त्या एका बाळंतिणीकडेही जातात. हे चित्रण बाहेरच्या ग्रुपवर गेलं असतं, तर काय खरं आणि काय खोटं, हे विचारायला कुणी थांबलं नसतं.

चारला सिस्टर आल्या, पण वर गेल्या नाहीत. हातातल्या मोबाइलकडे बघत लिफ्टपाशी उभ्या राहिल्या. आजोबांच्या सुनेने ऑफिसातून कळवलं होतं, आज येऊ नका, नंतर बोलू. का, ते लिहिलं नव्हतं.

वहिनीने त्यांना आत बोलावून स्टुलावर बसवलं. काकांनाही बोलावलं. मग आधी ते चित्रण दाखवलं आणि तो मेसेज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवला. ‘कुठेच काम मिळणार नाही’ हे वाचताना काका टेबलावरच्या रिळांकडे बघत होते. एकट्यात लिहिलेलं वाक्य आणि समोर बसलेली बाई, यांचा मेळ त्यांनाही बसत नसावा.

सिस्टरांचा चेहरा उतरला.

“त्यात मीच आहे,” त्या म्हणाल्या. “खोकंही मीच नेलं. पण ते तुमचं पार्सल नव्हतं.”

“मग काय होतं त्यात?” काकांनी विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही.”

झालं, मी मनात म्हटलं. आता देव आला तरी हिला वाचवू शकत नाही. मी सिस्टरांना म्हणाले, “अहो, बाई, सांगून टाका ना काय असेल ते.” त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. डोळे भरून आले होते.

“मग मीही टाकू शकत नाही,” वहिनी म्हणाली. “अर्धवट आहे हे.”

“तुम्ही नका टाकू,” काका म्हणाले. “माझ्या ग्रुपवर गेलंच आहे.”

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आत आजोबा, घरच्या कपड्यांत, पायात दोन वेगळ्या चपला, हातात वॉकर. काकांनी घाईत सगळ्या घरांना जोडलं, त्यात आजोबांचाही नंबर गेला होता. कुणाला दाखवतोय हे बघायचंही काका विसरले होते. आजोबांनी ते चित्रण पाहिलं होतं आणि खोकंही ओळखलं होतं. किती महिन्यांनी हा माणूस खाली उतरला होता. मी धावत जाऊन हात दिला, तर म्हणाले, “मला नको, वॉकरला धर, त्याला ब्रेक नाही.”

खुर्चीत बसून त्यांनी दम खाल्ला. मग म्हणाले, “ॲडमिनबाई, माझा एक मेसेज आहे. माझे हात थरथरतात, मी सांगतो, तुम्ही लिहा.”

“नका हो, आजोबा,” सिस्टर म्हणाल्या.

“तुम्ही गप्प बसा. खूप बसलात, आणखी थोडं बसा.”

ते सांगत गेले आणि वहिनी लिहीत गेली. मग नियमाप्रमाणे तिने वाचून दाखवलं. “चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला डायपर लागतात. वापरलेले डायपर कुणाला दिसू नयेत म्हणून सिस्टर ते पार्सलच्या रिकाम्या खोक्यात घालून बाहेर नेऊन टाकतात. कुणालाही, माझ्या सुनेलाही सांगू नका, असं मीच त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. त्यांनी शब्द पाळला.”

हे मी इथे सांगतेय ते आजोबांना विचारून. वहिनीने मला त्याशिवाय सोडलंच नसतं.

तिच्या त्या सपाट आवाजाचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं. त्यात दया नव्हती, कीव नव्हती. पँटचं माप वाचावं तसं तिने ते वाचलं आणि आजोबा ताठ बसून ऐकत राहिले.

“टाकू?” वहिनीने विचारलं.

“नका टाकू,” काका घाईने म्हणाले. “अहो, नका टाकू हे.”

“मेसेज तुमचा नाही, काका. ज्यांचा आहे ते सांगतील.”

आजोबांनी काकांकडे पाहिलं. “तुम्ही ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मग राहू दे, बाई. पुसून टाका.”

वहिनीने तो पुसला आणि खात्रीसाठी मोबाइल आजोबांना दाखवला. काकांनीही आपल्या ग्रुपवरचं चित्रण काढून टाकलं. मग ते सिस्टरांसमोर येऊन उभे राहिले. “सिस्टर, माझं चुकलं. एकदा विचारायला हवं होतं.”

“हो, विचारायला हवं होतं,” सिस्टर म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मला राहवलं नाही. “चित्रण काढलं, ठीक आहे. पण ज्यांनी बघितलं त्यांच्या डोळ्यांतून कसं काढणार? उद्या त्या चमचेवाल्या बाई सिस्टरांना जिन्यात गाठतील.”

“खरं आहे वन्संचं,” वहिनी म्हणाली. माझं खरं आहे असं ती वर्षातून एखाद्याच वेळी म्हणते. “काका, ग्रुपवर लिहा आणि शिवाय प्रत्येक दारात जाऊन सांगा. सिस्टरांनी काही घेतलेलं नाही, मी न विचारता टाकलं, एवढंच. खोक्याचं काही बोलायचं नाही.”

काका खरंच गेले. खालून आम्हाला एकेक बेल ऐकू येत होती आणि प्रत्येक दारात तीच दोन वाक्यं, त्याच बसलेल्या आवाजात. एका दारात तर चमच्याबद्दलही सांगावं लागलं. सिस्टर स्टुलावर बसून ऐकत होत्या. तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजली तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला आणि खांदे सैल केले. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. इतकं हायसं वाटलं की मी वहिनीच्या पाठीत एक धपाटाच घातला. ती म्हणाली, “सुई आहे माझ्या हातात, जरा बघून.”

पार्सल दुसऱ्या दिवशी आलं. देणाऱ्या माणसाने काम उरकावं म्हणून गाडीत असतानाच ‘पोचलं’ दाबून ठेवलं होतं. काकूंनी मशीन कानाला लावलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, “एवढं ओरडताय कशाला?”

पण त्या संध्याकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सिस्टरांचा मोबाइल वाजला. आजोबांची सून होती. तिलाही कळलं होतं, आणि ती इतकी ओशाळली होती की तिचं बोलणं आम्हालाही ऐकू येत होतं. “सिस्टर, माझी फार मोठी चूक झाली हो. उद्यापासून याल ना?”

“उद्या कशाला?” सिस्टर म्हणाल्या. “आज आलेच आहे. आजोबांचा व्यायाम राहिलाय.”

“व्यायाम झाला की माझा,” आजोबा म्हणाले. “एवढा खाली आलो तो काय होता?”

“ते चालणं होतं. हातांचा राहिलाय.” सिस्टरांनी वॉकर त्यांच्यापुढे सरकवला, चपला पायात नीट बसवल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं.