गोविंद पष्टेच्या उलट्या छापाच्या नोटा

जुलै १९४५. आमचा ट्रेनिंग कॅम्प मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या रानात होता. ब्रह्मदेशातली लढाई संपत आली होती. मलायाची बाकी होती. तिकडे जाणाऱ्या जवानांना जंगलात लढायला शिकवायचं काम आमच्याकडे होतं. मी सिग्नलमध्ये नाईक होतो. माझं घर कॅम्पपासून चार कोसांवर, तरी चार महिन्यांत एकदाच जाता आलं.

रोजचा क्रम ठरलेला. पाचला उठायचं, साडेपाचला पीटी, सातला चहा, आठला रेंजवर. रेंजवर दोन डगआउट होते. उतारात खड्डा खणून वर लाकडी वासे आणि माती घातलेल्या कोठड्या, एवढंच. तिथे बसून फील्ड टेलिफोनवर फायरिंगचे हुकूम घ्यायचे. माझी जागा दुसऱ्या डगआउटमध्ये, त्याला पोस्ट टू म्हणत. माझ्याबरोबर लान्स नाईक गोविंद पष्टे असे.

गोविंद शहापूरजवळच्या सापगावचा. भरती होण्याआधी दोन वर्षं तो कल्याणला एका छापखान्यात खिळे जुळवत होता. शिशाची उलटी अक्षरं एकेक करून ओळीत बसवायचं काम. त्यामुळे छापलेला कागद हातात आला की मजकुराआधी त्याची नजर छपाईवर जायची. ब्रह्मदेशातून जखमी होऊन लोक परत आले ते जपानी बिल्ले, घड्याळं, संगिनी घेऊन. ह्याने आणला सिगारेटचा एक चपटा डबा. आत नोटा.

सगळ्या लष्करी नोटा. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर तिथे स्वतःचे रुपये छापून चालवले. आपल्या फौजेने मुलूख परत घेतल्यावर हिंदुस्थानच्याच नोटांवर लाल छाप मारून त्या वाटल्या, की ही नोट फक्त ब्रह्मदेशात चालेल. इटलीहून आलेल्या एका ड्रायव्हरकडून गोविंदने दोस्त फौजेने तिकडे चालवलेल्या लिरा नोटा मिळवल्या, बदल्यात त्याला जपानी बक्कल दिलं. पण साधी, सरळ नोट त्याला नको असे. छपाईत चुकलेली हवी असे.

"जपानी नोटेवर नंबरच नाय बघ," तो म्हणे. "नुसती दोन अक्षरं. ह्यातलं दुसरं अक्षर केसभर वर बसलंय. खिळा नीट आवळला नाय कोणीतरी."

"मग काय झालं?"

"मग काय. छापणारा दमला होता. दमलेला माणूस चुकतो. मला ह्या नोटा बघितल्या की तो माणूस दिसतो."

एका नोटेवर लाल छाप उलटा पडला होता, वरचं खाली. ती त्याची सगळ्यांत लाडकी. कॅम्पमधले लोक त्याला हसत. मीही हसायचो.

आता लहानू वाघची ओळख करून देतो. रानाच्या कडेला कातकऱ्यांची वाडी होती, तिथला हा मजूर. चाळिशीचा, बुटका, कमी बोलणारा. मे महिन्यात डगआउटचे खड्डे त्याने आणि वाडीतल्या माणसांनी खणले. पोस्ट टू खणताना तो मला म्हणाला होता, "नाईक, हितली माती वरून भुसभुशीत हाय. पान्यात खाली येईल."

मी म्हणालो, "जागा साहेबांनी ठरवलीय, लहानू."

तो पुन्हा खणायला लागला. मीही पुढे कोणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागून होता. नऊ वाजता फायरिंग रद्द झालं. परत यायचा हुकूम यायचा होता, त्याची वाट बघत आम्ही बसलो होतो. नऊ वाजून वीस मिनिटांनी उतार सुटला. आवाज ऐकून मी दाराकडे वळलो, तोवर दार राहिलं नव्हतं. मधला मोठा वासा एका बाजूने तुटून खाली आला. मी मागच्या कोपऱ्यात फेकला गेलो. अंधार झाला.

"गोविंद?"

"हाय. पाय अडकलाय."

टॉर्च लावून बघितलं. तो उजव्या भिंतीला टेकून बसला होता. वासा त्याच्या मांडीवर आडवा होता. वाशाचं एक टोक जमिनीत रुतलेलं, दुसरं त्याच्या डोक्यावर उजव्या भिंतीच्या मातीत अजून धरून होतं. मी खांदा लावला, कंबर लावली. वासा हलला नाही. वरून माती मात्र सांडली.

"राहू दे," गोविंद म्हणाला. "फोन बघ."

फोन चालू होता. तार पुरलेली होती म्हणून वाचली.

"कंट्रोल, पोस्ट टू."

"कंट्रोल. बोल."

"डगआउट बसलं. दोघे आत. पष्टे अडकलाय. बाहेर पडायला वाट नाही."

पलीकडे सुभेदार माने होते. त्यांनी विचारलं, "हवा आहे?"

"आहे, साब."

"टॉर्च जपून वापर. दर पंधरा मिनिटांनी रिपोर्ट दे. आम्ही येतोय."

पहिला तासभर बरा गेला. मग पाणी यायला लागलं. डाव्या भिंतीच्या कातळातून झिरपत होतं. अकराला माझे घोटे बुडाले. गोविंद बसलेला होता, म्हणून त्याच्या मांड्या पाण्यात गेल्या. त्याचे दात वाजत होते. त्याला झोपू द्यायचं नाही एवढंच मला सुचत होतं. मी म्हणालो, "डबा काढ तुझा. बघू दे."

त्याने हॅवरसॅकमधून डबा काढला. टॉर्च पाच मिनिटं लावायचा, पंधरा मिनिटं बंद ठेवायचा, असं आम्ही ठरवलं. उजेडात तो एकेक नोट दाखवी, अंधारात तिच्याबद्दल सांगे. एका जपानी नोटेच्या मागच्या बाजूची नक्षी एका कडेने कापली गेली होती, कागद सरकवून लावल्यामुळे. एका लिरेवर शाईचा डाग बोटाच्या ठशासारखा. मी इतके दिवस त्या नोटा वरवर बघितल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितल्या. बाहेर पडल्यावर छापखान्यात परत जाणार का, मी विचारलं.

"जानार. मालकानं जागा ठेवलीय. बा म्हनतो शेती कर. पण मला शाईचा वास लागतो."

साडेबाराला पाणी त्याच्या कमरेवर चढलं. माझ्या गुडघ्यापर्यंत आलं होतं.

एक चाळीसला फोन वाजला. सुभेदार माने हळू बोलत होते. "देसले, नीट ऐक. समोरून काढलेली माती पुन्हा पुन्हा खाली येतेय. लहानू वाघ इथे आहे. तो म्हणतो, दोन वाटा आहेत. उजवीकडून माती मऊ आहे, दोन तासांत पोचू. पण वाशाचं टोक त्या भिंतीत असेल तर भिंत ढिली होताच वासा पूर्ण खाली येईल. डावीकडे कातळ आहे. तिकडून सात-आठ तास. वाशाखाली कोण आहे का, ते सांग."

मी उत्तर द्यायच्या आत गोविंदने हात पुढे केला. "दे इकडे."

मी रिसीव्हर दिला.

"लान्स नाईक पष्टे बोलतोय, साब. माझा पाय सुटला. वासा डावीकडे पडलाय. उजवी बाजू मोकळी हाय. आमी दोघं मागच्या कोपऱ्यात हाव. उजवीकडून खणा."

त्याचा आवाज परेडवर असतो तसा होता. मला सुभेदारांचं बोलणं ऐकू येत होतं. "पष्टे, देसलेला दे. देसले, कन्फर्म कर."

गोविंदने रिसीव्हर माझ्या हातात ठेवला. टॉर्च चालू होता. तो माझ्याकडे बघत होता.

पाणी आठ तासांत कुठवर आलं असतं, ते मला माहीत नव्हतं. आजही नाही. डावीकडून खणलं असतं तर कदाचित दोघे जगलो असतो, कदाचित दोघेही बुडालो असतो. पण तेव्हा मी हा हिशेब केला नाही. मला बाहेर जायचं होतं.

मी म्हणालो, "कन्फर्म, साब."

"ठीक. सुरू करतो."

मी रिसीव्हर खाली ठेवला. गोविंदने डबा माझ्याकडे दिला. "वरच्या कोनाड्यात ठेव, भिजतील." कोनाडा ढासळला होता. मी डबा शर्टाच्या आत घातला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "देसले, तू त्या कोपऱ्यातच राहा. इकडं येऊ नको." मी तरी जवळ गेलो आणि त्याचा हात धरला. त्याने मला जोरात ढकललं. दोनदा. दुसऱ्यांदा शिवी दिली. मी कोपऱ्यात गेलो.

तीन पंचेचाळीसला उजव्या भिंतीतून पहारीचा आवाज येऊ लागला. तीन पंचावन्नला वरच्या बाजूने बोटभर उजेड आत आला. गोविंदने मान वर करून तिकडे बघितलं. मग वासा आला. आवाज फार मोठा नव्हता.

मला बाहेर काढलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाऊस चालूच होता. गोविंदला काढायला लहानू स्वतः आत उतरला. वर आला आणि सरळ माझ्यासमोर उभा राहिला. हात कोपरापर्यंत सोललेले होते.

"नाईक, तो उजवीकडं होता. तुमी सांगितलं नाय."

"नाही सांगितलं."

"मी आसं खणलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं त्याने."

लहानूने आपली पहार उचलली. मग मागे न बघता वाडीकडे निघून गेला.

चौकशी झाली. अपघात, असा शेरा पडला. वासा कुठल्या बाजूला होता, हे मला कोणी विचारलं नाही आणि मी आपणहून बोललो नाही. डब्यात पाणी गेलं होतं. मी नोटा एकेक सुट्या करून लंगरच्या चुलीजवळ दोरीवर वाळत घातल्या.

आठ दिवसांनी रजा मिळाली. मी सापगावला गेलो. गोविंदचे वडील ओटीवर बसले होते. कॅम्पकडून कळवलेलं होतं, तेव्हा रडणं होऊन गेलं होतं. मी डबा पुढे ठेवला. त्यांनी नोटा उलटसुलट करून बघितल्या.

"ह्या चालतात का?"

"नाही चालत, बाबा."

"मंग ठेवल्या कशापायी?"

मी त्यांना उलटा छाप दाखवला. दमलेल्या माणसाचं सांगितलं. त्यांना किती समजलं, मला माहीत नाही. ते ती नोट बराच वेळ हातात धरून होते. मग मी उरलेलं सांगितलं. वासा, फोन, गोविंद काय बोलला ते, आणि मी काय बोललो ते. काही वगळलं नाही. "मी नाही म्हणालो असतो तर कदाचित तो आज असता," असंही म्हणालो.

घरात भांड्यांचा आवाज थांबला होता. गोविंदची आई दाराआड ऐकत असावी.

म्हातारा समोरच्या शेताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लावणी राहिलीय आमची. एक मानूस कमी हाय. तुमी राहाल का?"

मी राहिलो. चार दिवस त्यांच्या खाचरात वाकून भाताचं आवण लावलं. माझ्या शेजारच्या ओळीत ते होते. आमच्यात पुन्हा तो विषय निघाला नाही. पाचव्या दिवशी निघताना गोविंदच्या आईने भाकरी बांधून दिली. म्हणाली, "फुडच्या वर्षी बी या."

गेलो. ते दोघे होते तोवर दर वर्षी लावणीला गेलो. गोविंद लढाईत पडला नाही, ट्रेनिंगमध्ये गेला, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर मी पाहिलं नाही. ते इथे लिहून ठेवतो. लान्स नाईक गोविंद पष्टे, राहणार सापगाव, वय सत्तावीस. त्याने मला दोनदा ढकललं.