अनंताला कधीच फिट आली नव्हती

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा एक विषय सोडून बाकीचं बोलते — देवाला काय कळत नाही? पण माझ्या तोंडून जात नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण गेल्या रविवारी जे घडलं त्यानंतर माझं जेवणावरून मन उडालंय.

पोलादपूरच्या पुढे उमरठकडे जो रस्ता जातो, त्या बाजूच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. राहते महाडला. यजमान पनवेलला नोकरीला, शनिवारी येतात. दहावीचा जादा तास घेतला की निघायला साडेसहा होतात, आणि दिवाळीनंतर साडेसहा म्हणजे काळोखच. तो रस्ता तुम्ही पाहिला नसेल. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ओहोळ, मध्ये मोऱ्या — कठडे असलेल्या आणि नसलेल्या. सात वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वळणावर म्हैस उभी होती. काळी म्हैस, काळोखात. माझ्या गाडीच्या पिवळ्या दिव्यांत ती दिसली तेव्हा तिचं शिंग बॉनेटपासून हातभर असेल. 

दुसऱ्याच दिवशी मी महाडला इरफानभाईच्या दुकानात गेले. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो तो, माणूस सरळ. म्हटलं, हे हॅलोजनचे बल्ब काढ आणि एलईडी लाव, पांढरे, मोठ्या उजेडाचे.

तो म्हणाला, "बाई, लावतो. पण ही जी आतली चकचकीत वाटी हाय ना, ती हॅलोजनसाठी बनवलेली. एलईडीचा उजेड तिच्यात फाकतो. समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दोन दिवसांनी संध्याकाळी या, भिंतीसमोर गाडी उभी करून फोकस खाली घेऊन देतो. थोडा तरी फरक पडंल."

मी हो म्हटलं.

आता हे ऐका. नववीला मी दरवर्षी अंतर्वक्र आरसा शिकवायचे. दिवा बरोबर नाभीवर असला तर किरण समांतर जातात. जागा जराशी चुकली की फाकतात. फळ्यावर आकृती काढायचे, मोटारीच्या दिव्याचंच उदाहरण द्यायचे. इरफानभाई मला जे सांगत होता, ते मला त्याच्यापेक्षा चांगलं कळत होतं. मग गेले का मी दोन दिवसांनी? नाही गेले. पेपर तपासायचे होते, पाहुणे होते — काहीतरी होतं. खरं सांगायचं तर मला तो उजेड आवडला होता. झाडांचे शेंडे दिसायचे. पलीकडच्या शेताचा बांध दिसायचा. त्या रस्त्यावर आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटत नव्हती. समोरून येणारे हात आडवा धरायचे, दिवे मारायचे. मला वाटायचं, इतकी वर्षं ट्रकवाले माझ्या डोळ्यांत मारत आले, तेव्हा मी कुणाला सांगितलं होतं?

इथवर सांगणं सोपं आहे. इतका दोष कुणाचाही असतो.

मार्गशीर्षातली गोष्ट. संमेलनाची तालीम होती, निघायला सात वाजले. शाळेपासून दोनेक किलोमीटरवर एक मोरी आहे, ती ओलांडली की पुढे वळण. समोरून मोटरसायकल आली. तिने एकदा दिवा मारला. पुन्हा मारला. माझा हात डिपरच्या दांडीवर होता — हे मला स्पष्ट आठवतं, बोटांना दांडी लागलेली होती. मी खाली केला नाही. का? तो करू दे आधी, असं वाटलं. त्याचा खालीच होता. ते मला दिसत होतं. तरी मी अप्परच ठेवला.

त्या माणसाने डावा हात कपाळाशी धरला. चेहरा दिसला नाही, हातच दिसला, पांढराफटक, चुना लावल्यासारखा. मग तो बाजूने गेला. मी आरशात पाहिलं. तांबडा दिवा थोडा वेळ होता. मग नव्हता.

वळणाआड गेला असेल — हो ना? असंच वाटणार कुणालाही. पण वळण माझ्या पुढे होतं. मागे रस्ता सरळ होता.

मी थांबले. हे वाक्य उच्चारायला मला सात वर्षं लागली. मी गाडी थांबवली, काच खाली केली. मागून, खालून, ओहोळाच्या बाजूने इंजिनाचा आवाज येत होता. पडलेल्या गाडीचा असतो तसा, वर चढत जाणारा, रिकामा. मग तो बंद पडला. मग काहीच नाही. पाण्याचा आवाज. मी किती वेळ बसले? एका श्वासाचा की दहा? मग काच वर केली आणि निघाले. पोलादपूर आलं, पेट्रोल पंपावर माणसं होती, चहाच्या टपरीवर माणसं होती. कुणालाही सांगता आलं असतं, की मागे मोरीपाशी कुणीतरी पडलंय. माझं नावही घ्यावं लागलं नसतं. मी महाडला आले आणि कुकर लावला.

तो अनंता होता. हे मला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं. दूध घालून परतणाऱ्या एकाला दीड तासाने तो ओहोळात सापडला. मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता.

अनंता कोण, तर आमच्या शाळेची मुलं मिनीडोर टमटममधून आणायचा तो. वरच्या वाड्यांमधली वीस-बावीस मुलं. सोळा वर्षं आणत होता, गाडीला कधी ओरखडा नाही. आया पोरांना गाडीत बसवून मागे न बघता कामाला जायच्या, एवढा त्याच्यावर विश्वास. त्या दिवशी मिनीडोर गॅरेजात होती म्हणून तो मोटरसायकलवर होता. त्याची मुलगी प्राची माझ्याच वर्गात, नववीला. ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही, आणि मी हजेरी घेताना तिचं नाव घेतलंच नाही. सरळ पुढच्या नावावर गेले.

चौथ्या दिवशी मी त्याला बघायला दवाखान्यात गेले. शाळेतले सगळे जाऊन आले होते, मी गेले नसते तर दिसलं असतं — तेवढ्यासाठी गेले. सोबत मोसंबी नेली. त्याची बायको सुनंदा पायाशी बसली होती. अनंता जागा होता. मला बघून उठायला लागला. त्या अवस्थेत. मी बाई ना त्याच्या मुलीची.

म्हणाला, "बाय, मी पडलो कसा तेच कळत नाय. रस्ता रोजचा हाय. मला नुसतं पांढरं दिसलं. सगळीकडं पांढरं. मंग काय झालं, म्हायती नाय."

सुनंदा म्हणाली, "तेच तेच बोलतायत ओ चार दिस. समोरून गाडी आलेली का, तर तेपण आठवत नाय म्हणतात."

सांगायचं ते तेव्हाच सांगायचं होतं. एक वाक्य. मी काय म्हटलं? मी खुर्ची पुढे ओढली आणि वर्गात समजावते त्या आवाजात म्हटलं, "अनंता, फिट येण्याआधी काही जणांना असा उजेड दिसतो. डोळ्यांपुढे पांढरं होतं आणि शुद्ध जाते. डॉक्टरांना हे सांगितलंस का?"

"फिट?" तो म्हणाला. "आमच्यात कुणाला नाय ओ बाय."

"नसली तरी येऊ शकते. सांग तू डॉक्टरांना."

हा माझा गुन्हा. दिवे नव्हेत, डिपर नव्हे. काच वर करून निघाले, तेही नव्हे — ते भित्रेपण होतं, भित्री माणसं जगात पुष्कळ असतात. पण फिट हा शब्द त्या खोलीत मी आणला. आधी ठरवून? नाही, तोंडातून आला. पण आल्यावर किती बरं वाटलं म्हणून सांगू. त्याला जे दिसलं होतं ते खरं होतं, त्याच्याजवळ तेवढं एकच खरं उरलं होतं, आणि मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. त्यानेही दिलं. बाई शिकलेल्या, विज्ञानाच्या, त्या खोटं कशाला सांगतील?

त्याने डॉक्टरांना सांगितलं. डोक्याला मार होताच. त्यांनी तपासण्या केल्या, काही धड निघालं नाही, पण धोका नको म्हणून फिटच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी एक, रात्री एक. गाडी चालवायची नाही.

त्याच आठवड्यात मी इरफानभाईकडे जाऊन जुने पिवळे बल्ब परत लावून घेतले. "का ओ बाई?" त्याने विचारलं. म्हटलं, धुक्यात काही दिसत नाही यांनी. "बरं केलंत," म्हणाला, आणि कामाला लागला. त्याला काही कळलं असेल का? मी त्याच्याकडे पुन्हा कधी गेले नाही. आता लांबच्या दुकानात जाते.

आठ महिन्यांनी अनंता काठी टेकत शाळेत आला. मला व्हरांड्यात गाठलं. म्हणाला, "बाय, डॉक्टर म्हणतात अजून वरीसभर थांब, मंग बघू. पण मला काय परत तसं झालेलं नाय. पोरांच्या घरचे विचारतात. तुमी सांगा. घेऊ का पोरं परत?"

वर्गात मुलं गलका करत होती. मी म्हटलं, "नको अनंता. वर्षाने काय आणि दोन वर्षांनी काय. वीस पोरं असतात गाडीत. तुझ्या मनाला तरी पटेल का?"

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "खरं हाय," म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याने मिनीडोर विकली.

मग तो एमआयडीसीत रखवालदार लागला. गोळ्यांनी त्याला सुस्ती येते, बोलणं जड झालंय, शब्द शोधत बोलतो. विहिरीवर एकटा जात नाही. पोहणारा माणूस होता, सावित्रीत उतरत नाही. सुनंदा त्याला आंघोळीच्या वेळी दाराला कडी लावू देत नाही. सात वर्षं तो स्वतःच्या शरीराची वाट बघतोय, की हे आता कधी दगा देईल. मला हे कसं माहीत? प्राची सांगायची. विश्वासाने सांगायची मला सगळं.

दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं जमत आलेलं लग्न मोडलं. पाचाडकडचं स्थळ होतं, मुलगा चांगला, सुपारी फुटायची राहिली होती. त्यांच्याकडून निरोप आला, मुलीच्या बापाला फिट येतात म्हणे, रक्तात असतं ते. प्राची माझ्यासमोर बसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो, फिरवला. तिला पाणी दिलं. म्हटलं, नशिबात असेल तेच होतं.

रात्री झोप लागत नाही असं मी म्हणणार नाही. झोप लागते मला. पण दिवसा, वर्गात, अंतर्वक्र आरशाचा धडा आला की खडू हातात घेऊन मी नुसती उभी राहायचे. तीन वर्षं झाली, तो धडा मी मुलांना घरी वाचून यायला सांगते.

आणि गेल्या रविवारी दुपारी ते तिघं घरी आले. अनंता, सुनंदा, प्राची. दुसरं स्थळ जमलंय, मुलगा मुंबईला, त्यांना सगळं सांगून जमलंय. पत्रिका द्यायला आले होते. यजमान घरी होते, त्यांनी खुर्च्या दिल्या. अनंता पाय लांब करून बसला, तो वाकत नाही. मी चहा केला. कप हातात घेऊन तो यजमानांना म्हणाला — सावकाश, एकेक शब्द जुळवत —

"साहेब, ह्या बाय नसत्या ना... तर मी पोरं घेऊन गेलो असतो ओहोळात. मला काय कळत होतं? बायनी वळखलं. डॉक्टरच्या आधी वळखलं. वीस पोरांचा जीव वाचला. मी रोज नाव घेतो त्यांचं."

यजमान माझ्याकडे बघून हसले. कौतुकाने. "मला कधी बोलली नाही ती," म्हणाले.

मी काय केलं असेल, सांगा? मी म्हटलं, "चहा गार होतोय, घे अनंता."

निघताना सुनंदा मुलीला म्हणाली, "पाया पड बायच्या." प्राची वाकली. तिने माझ्या दोन्ही पावलांना हात लावले, मग कपाळ टेकवलं. मला पाय मागे घेता आले असते. मी घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडाने आशीर्वाद दिला, पुरता, शेवटच्या शब्दापर्यंत.