वासापुरती व्हिस्की

आखातातल्या मनामा शहरातल्या आमच्या हॉटेलात तो बारमन आहे आणि मी स्टोअरकीपर. तो गुहागरकडचा. आमच्या बारा वर्षांच्या ओळखीत त्याने दारूचा थेंबही तोंडात घेतलेला मी पाहिला नाही, पण नुसत्या वासावरून तो व्हिस्कीचं नाव सांगतो. ग्लास पुसून झाला की उजेडात धरून बघतो आणि स्वतःशीच "खलास" म्हणतो. का पीत नाहीस, हे त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी कंपनीने आम्हा दोघांना स्कॉटलंडमधली एक जुनी डिस्टिलरी बघायला पाठवलं. तांब्याची अवाढव्य भांडी पाहून तो म्हणाला, "घासत कोण असेल हो ही?" पिंपांच्या गोदामात मात्र तो देवळात बोलावं तसा हळू बोलत होता.

शेवटी चव घ्यायची वेळ आली. त्याने ग्लास नाकाशी धरला आणि इंग्रजीत सांगितलं, "धूर, ओलं लाकूड, शेवटी जरासं मीठ." माहिती देणारी बाई खूश झाली. मग त्याने तो ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"तुम्ही घ्या."

मी त्याचा आणि माझा, असे दोन्ही ग्लास संपवले. बाहेर पडताना पायऱ्यांवर त्याने माझा दंड धरला.

"अरे, मी ठीक आहे," मी म्हटलं.

"बाबाही असंच म्हणायचे," तो म्हणाला आणि बस येईपर्यंत त्याने दंड सोडला नाही.