मोटारचाचांची बंद होणारी बंदूक

मोटारचाचांचं तोंड सकाळी दुकानाच्या शटरसोबत उघडायचं आणि शटर पडलं तरी चालूच राहायचं. पिंपळगाव राजा या आमच्या गावात ते विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचे. मी शेजारच्या कृषी केंद्रात बीटी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं विकायचो, म्हणजे ऐकायला मी आयताच होतो.

स्विचच्या बाबतीत मात्र त्यांचं मत उलटं होतं. "चालू तं कोनीबी करते बे. बंद होते का नाही, ते पाह्य." दुरुस्त केलेली प्रत्येक मोटार ते गिऱ्हाइकासमोर चालू करून बंद करून दाखवत, आणि मग पुढचा अर्धा तास स्वतः बंद होत नसत.

त्या वर्षी विहिरी आटल्या, मोटारी चालेनात, त्यामुळे त्यांचं जळणंही थांबलं. इकडे बीटीवर पानं लाल पाडणारा लाल्या रोग आला आणि लोक पाकिटाबद्दल मला जाब विचारू लागले. "तुह्यं बियाणं आन् माह्या मोटारी, दोघायचंही नशीब एकाच खड्ड्यात," चाचा म्हणायचे. सुरतहून त्यांच्या पोराचा एकच धोशा होता: दुकान बंद करा, इकडे या. चाचांनी मुदत मागून घेतली. जत्रेत फुगे फोडायचं दुकान लावतो, चाललं तर इथंच राहतो.

बंदूकही पोरानेच कधीतरी पाठवलेली, बॅटरीवर प्लास्टिकच्या गोळ्या सोडणारी. चाचांना तिचा जोर कमी वाटला, म्हणून त्यांनी तिला फवारणी पंपाची बॅटरी जोडली. घोड्यामागचे स्विचचे पॉइंट दोन दिवसांत जळाले. मग मोडक्या इन्व्हर्टरमधला मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा बारका पार्ट, काढून त्यांनी आत बसवला. "आता घोडा फक्त इशारा करते. करंटचं ओझं हे बेनं वाह्यते."

जत्रेत पहिला मान सरपंचांचा. पाच-सहा फुगे फुटेपर्यंत ते बेनं तापून जळालं आणि आतल्या आत चालूवरच चिकटलं. सरपंचांनी बोट काढलं, गोळ्या चालूच. "चाचा, हे काऊन थांबत नाही?" असं विचारायला ते बंदुकीसकट वळले, आणि गोळ्या थेट बँडवाल्यांच्या ढोलावर तडतडल्या. चाचांनी बॅटरीची वायर उपटली तेव्हा कुठे शांतता झाली. कपाशी लाल पडल्यापासून माणसं अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर ही गर्दी. सगळ्यांना कालचीच बंदूक हवी. चाचांनी मात्र रातोरात नवा मॉसफेट टाकून तो तापू नये म्हणून त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावली होती. घोडा दाबला की सुरू, सोडला की बंद. "कालची लावा ना," लोक म्हणाले, आणि हळूहळू आकाशपाळण्याकडे सरकले.

मी कानाशी लागलो. "चाचा, तो जळका पार्ट लावा परत. जत्रा संपेपर्यंत तरी."

"जयलेला पार्ट लावू? मंग मी मिस्तरी कायचा बे?"

मला त्यांचा भयंकर राग आला. माणूस गाव सोडायला तयार होता, बिघाड ठेवायला नाही.

जत्रेसोबत चाचांची मुदतही संपली. सुरतला निघताना स्टँडवर त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली आणि एसटी लागेपर्यंत तिची निगा कशी ठेवायची ते सांगत राहिले. खिडकीत बसल्यावरही तेच. "पट्टी तापली तं हात लावून पाह्यजो. आन् घोडा सोडल्यावर..."

कंडक्टरने घंटी मारली. चाचांचे ओठ हलले, पण पुढचं काही आलं नाही. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते मुळीच सहन झालं नाही.