पिवळा टोमॅटो लाल होण्याची वाट

गच्चीवर बाग करणाऱ्या मंडळींनो, आज मनीषनगरच्या आमच्या गच्चीवर या मोसमातला पहिला पिवळा टोमॅटो तोडला. एका हातात मावत नव्हता, एवढा मोठा.

हे बियाणं माझ्या सासूबाईंचं. दरवर्षी चांगलं फळ निवडून त्याचं बी त्या राखेत घोळवून ठेवायच्या. शेजाऱ्यांना रोप देताना बजावायच्या, "लाल व्हायची वाट पाहशील तं सडून जाईन गा. हा पिवळाच पिकते."

गेल्या वर्षापासून त्यांना विसर पडू लागला आहे. माणसांची नावं गेली, तरी हे फळ त्या ओळखतील अशी मला आशा होती.

त्यांनी ते फिरवून पाहिलं, वास घेतला आणि माझ्यावरच रागावल्या. "कच्चाच काहून तोडला वं? लाल तं होऊ द्याचा होता. लय घाई तुले."

मी म्हटलं, "चुकलं, आई."

दुसरं फळही पिकलं आहे. संध्याकाळी तोडायला गेले, तेव्हा त्या दारातून बघत होत्या. मी ते झाडावरच ठेवलं.

तुमच्याही घरी असं कुणी असेल. तुम्ही त्यांना खरं सांगता, की त्यांच्यासोबत लाल व्हायची वाट पाहता?